टर्मिनेटरचा रोजमेळ: फॅन थिअरी मांडायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर जमा-नावे करायचं, संध्याकाळी शिल्लक जुळवायची आणि एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, अशी पंचवीस वर्षांची सवय. ती खोड सिनेमा बघतानाही सुटत नाही. भाचा इंजिनिअरिंगला गेल्यापासून तो आणि त्याचे मित्र रविवारी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंगाची पुडी सोडून बसतात, मीही जातो. दर दोन-चार महिन्यांनी एखादा नवा पोरगा येतो आणि डोळे मोठे करून तोच प्रश्न टाकतो: "काका, जॉनने स्वतःच्या बापाला मागं पाठवलंच नसतं तर ओ?"

प्रश्न चांगला आहे. पण त्यावर पोरं जी थिअरी रचतात ती भडंग संपायच्या आत ढासळते. सिनेमात काय आहे आणि आपल्या डोक्यात काय आहे, याची सरमिसळ झालेली असते. म्हणून हे लिहायला घेतलं. सहाही चित्रपटांतली रहस्यं पुढे फुटणार आहेत. निदान पहिले दोन बघितले नसतील तर आधी ते बघून या.

गोष्ट अशी. साल २०२९. स्कायनेट नावाच्या संगणक यंत्रणेने अणुयुद्ध घडवून माणूस जवळजवळ संपवला आहे. उरलेल्यांचा म्होरक्या जॉन कॉनर. हरायला आलेलं स्कायनेट एक यंत्रमानव १९८४ मध्ये पाठवतं, जॉनची आई सारा हिला मारायला, म्हणजे जॉन जन्मालाच येणार नाही. त्याच्या पाठोपाठ जॉन तिच्या रक्षणासाठी काईल रीस नावाचा सैनिक पाठवतो. काईल आणि सारा प्रेमात पडतात आणि जॉनचा बाप काईलच ठरतो. पहिला चित्रपट १९८४ चा, दुसरा १९९१ चा, दोन्ही जेम्स कॅमेरॉनचे. दुसऱ्यात पोरवयाच्या जॉनला मारायला टी-१००० नावाचा नवा यंत्रमानव येतो, आणि त्याला वाचवायला पहिल्या चित्रपटातल्यासारखाच यंत्रमानव, टी-८००. पुढचे २००३, २००९, २०१५ आणि २०१९ चे, चारही निराळ्या दिग्दर्शकांचे. त्यात २०१९ च्या चित्रपटाने मधले तिन्ही घडलेच नाहीत असं धरलं. म्हणजे सहा चोपड्या आणि पाच दिवाणजी. हिशेबात गोंधळ होणारच, आणि गोंधळ आहे म्हणूनच शिकायला ही मालिका उत्तम.

पहिली पायरी: चित्रपट शेवटपर्यंत बघा

हसू नका. लोडशेडिंगच्या काळात मी पहिला टर्मिनेटर केबलवर बघत होतो. कारखान्यातल्या प्रेसखाली यंत्रमानव चिरडला गेला आणि वीज गेली. मला वाटलं, संपला सिनेमा. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. काईलकडे भविष्यात साराचा एक फोटो असतो, जॉनने दिलेला. तो बघून बघूनच तो तिच्यावर जीव टाकतो. फोटोतल्या साराच्या चेहऱ्यावर उदास भाव आहेत आणि त्या क्षणी ती कसला विचार करत असेल, हे कोडं त्याला कायम पडलेलं. मग हा फोटो काढला कुणी? मी थिअरी रचली की तो दुसऱ्याच कुठल्या तरी काळातल्या साराचा आहे, म्हणजे यंत्रमानव याआधीही एकदा येऊन गेलेला. दोनेक वर्षं मी ही थिअरी ऐटीत सांगत फिरलो.

मग भाच्याने लॅपटॉपवर शेवटची पाच मिनिटं दाखवली. पोटुशी सारा मेक्सिकोत एका पेट्रोल पंपावर थांबलीय, काईलच्या आठवणीत हरवलीय, आणि एक पोरगा इन्स्टंट कॅमेऱ्याने तिचा फोटो काढतो. तोच तो फोटो. काईलच्या कोड्याचं उत्तरही तिथंच, ती त्याचाच विचार करत होती. माझी थिअरी विजेच्या एका खेपेवर उभी होती.

तेव्हा पूर्ण बघा. दुसऱ्यांदा बघताना हातात वही घ्या. टीव्हीवर कापून दाखवलेलं धरू नका. डब केलेली वाक्यं ओठांच्या हालचालीत बसवायला फिरवलेली असतात, त्यामुळे एखाद्या शब्दावर थिअरी टांगायची असेल तर मूळ आवाजातलं वाक्य ऐका. आणि कुठली आवृत्ती बघताय तेही वहीत वर लिहा. याचं कारण दुसऱ्या चित्रपटात आहे. थिएटरात लागलेल्या आवृत्तीत यंत्रमानव म्हणतो की माणसांत जितकं राहीन तितकं मी शिकत जाईन. नंतर निघालेल्या लांब आवृत्तीत मात्र एक अख्खा प्रसंग जास्तीचा आहे. स्कायनेट आपल्या यंत्रांना एकटं बाहेर पाठवताना त्यांचं शिकणं बंद करून ठेवतं, म्हणून सारा आणि जॉन त्याच्या डोक्यातून चिप काढून ते चालू करतात. चिप हातात आल्यावर सारा ती हातोड्याने फोडायला निघते आणि जॉन तिला अडवतो. "यंत्राला माया कशी फुटली" या विषयावर दोन माणसं भांडत असतील, तर निम्म्या वेळा दोघांनी वेगवेगळ्या आवृत्त्या बघितलेल्या असतात.

दुसरी पायरी: कच्ची वही, पक्की वही

पान मधोमध दुमडा. सिनेमाने दिलं ते जमेच्या बाजूला, आपण पदरचं घातलं ते नावे. थिअरीची किंमत म्हणजे नावेच्या बाजूची बेरीज. ज्या थिअरीत पदरचं कमीत कमी घालावं लागतं ती आधी तपासायची. माझी सगळी शिकवण एवढीच. बाकीचं हे मांडायचं कसं, त्याचं आहे.

जमेतही सगळं सारख्या वजनाचं नसतं. आपल्याकडे पुराच्या दिवसांत काय होतं बघा. कोयनेतून इतकं सोडलं, अमक्या गल्लीत पाणी शिरलं, तमक्याच्या मेहुण्याने सांगितलं, फोन थांबत नाही. पण सामान माळ्यावर चढवायचं का, हे ठरतं आयर्विन पुलाजवळच्या पातळीवर. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. मेहुणा खोटं बोलतो असं नाही, पण मेहुणा म्हणजे पुलावरची पट्टी नव्हे.

सिनेमात पडद्यावर डोळ्यांनी दिसलेलं ते पट्टीवरचं. पात्राने बोलून सांगितलेलं ते मेहुण्याचं, आणि तो मेहुणा कोण आहे तेही बघायचं. काईल सांगतो की काळयंत्रातून फक्त जिवंत शरीर जातं, म्हणून शस्त्रं आणता आली नाहीत. बरं. पण काईल सैनिक आहे, शास्त्रज्ञ नव्हे, आणि हे तो स्वतःच कबूल करतो. सारा विचारते, हे यंत्र भविष्यातून आलंय का, तर तो म्हणतो, तुझ्या बाजूने बघितलं तर एका संभाव्य भविष्यातून, आणि लगेच पुस्ती जोडतो की हे तांत्रिक मला कळत नाही. या "संभाव्य" शब्दावर लोकांनी माड्या बांधल्यात. माडी बांधायला हरकत नाही, पण पाया ज्याला स्वतःलाच खात्री नाही अशा माणसाच्या एका शब्दाचा आहे, हे वहीत लिहून ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे दिग्दर्शकाने पुढे कधीतरी मुलाखतीत सांगितलेलं. मी ते जमेला धरतच नाही. भाच्याला हे पटत नाही. "मामा, ज्यानं बनवलं त्याचंच ऐकायचं नाही म्हणजे काय?" अरे, हळद विकल्यावर शेतकरी नंतर येऊन म्हणाला की माझ्या मनात भाव वेगळा होता, तर विक्रीची पट्टी बदलते का?

तिसरी पायरी: प्रश्न लहान करा

"टर्मिनेटरमध्ये टाइम ट्रॅव्हल चुकीचं दाखवलंय" हा प्रश्न नव्हे, ती कुरकुर. "दुसऱ्या चित्रपटातला टी-१००० सगळाच्या सगळा द्रवधातूचा आहे, तर तो काळयंत्रातून आला कसा?" हा प्रश्न. एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्यात चित्रपटातली निदान एक ठाम गोष्ट असली पाहिजे.

चौथी पायरी: गाठ, पाटी की फाटा?

इथे जरा बैठक मारून बसा. काळात मागे जाण्याच्या गोष्टी साधारण तीन तऱ्हेच्या असतात. आमच्या कट्ट्यावर त्यांना आम्ही गाठ, पाटी आणि फाटा म्हणतो.

गाठ म्हणजे मागे गेलात तरी काही बदलत नाही, कारण तुमचं मागे जाणं इतिहासात आधीपासूनच धरलेलं आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं तत्त्व याच बाजूचं आहे. ज्याने इतिहासात विसंगती येईल अशी घटना घडूच शकत नाही. पहिला टर्मिनेटर जवळपास अशा गाठीचा आहे. साराला मारायला यंत्र येतं, म्हणून काईल येतो, म्हणून जॉन जन्मतो, म्हणून यंत्राला यावं लागतं. स्कायनेटने स्वतःच्या हाताने आपला वैरी जन्माला घातला. कृष्ण मारायला पूतना पाठवावी आणि तिनेच यशोदेचं घर दाखवून द्यावं, तसं.

पाटी म्हणजे एकच काळ, पण पुसून परत लिहिता येणारा. "आजोबांना लहानपणीच मारलं तर मी कुठून आलो?" हे जुनं कोडं फक्त पाटीच्या गोष्टीत छळतं. गाठीत ते घडूच शकत नाही, फाट्यात घडलं तरी बिघडत नाही.

फाटा म्हणजे बदल केलात की त्या जागेपासून दुसरा रस्ता फुटतो, आणि पहिला रस्ता आपल्या जागी तसाच राहतो. ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुंजभौतिकीचा जो अनेक-विश्वांचा अर्थ मांडला, त्याचं नाव घेऊन सिनेमावाले ही मुभा घेतात. मराठी वाचकाला हे समजावून घ्यायला हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा काढा. आपल्या इतिहासात १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली आणि फौज खचली. कथेतल्या दुसऱ्या जगात तीच गोळी चाटून जाते आणि पुढचा सगळा हिंदुस्थान निराळा घडतो. एक गोळी, बोटभर अंतर, आणि तिथून फाटा. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तो संगम उलट्या दिशेने बघितला की चित्र डोळ्यांसमोर येतं.

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे सिनेमात तीनपैकी कुठला नियम चालतो हे न ठरवता थिअरी मांडणं. अर्धं उत्तर गाठीतून, अर्धं फाट्यातून. त्यातून जे होतं त्याला आमच्याकडे धेडगुजरी म्हणतात.

आता गाठीतही बारकावे आहेत आणि मला सगळ्यात गोडी इथे आहे. पहिल्या दोन चित्रपटांत तीन गोष्टी काळातून फिरतात, पण तिघींचा हिशेब सारखा नाही.

फोटो घ्या. तो १९८४ मध्ये मेक्सिकोत निघाला, साराकडून जॉनकडे, जॉनकडून काईलकडे आला, आणि भविष्यातल्या एका हल्ल्यात काईलच्या डोळ्यांदेखत जळाला. कागद मागे आलाच नाही. मागे आली ती काईलच्या मनातली आठवण. वस्तूला आरंभ आहे, शेवट आहे. शिल्लक शून्य.

काईलही तसाच. भविष्यात कुठल्याशा आईबापांच्या पोटी जन्मला, मागे आला आणि १९८४ मध्ये मेला. त्याच्या देहाचा हिशेब सरळ आहे, फक्त कारणांची गाठ पडलीय.

घोटाळा आहे चिपचा. दुसऱ्या चित्रपटात कळतं की १९८४ मध्ये चिरडलेल्या यंत्राचा हात आणि फुटकी चिप सायबरडाइन या कंपनीच्या तिजोरीत आहे आणि माइल्स डायसन नावाचा अभियंता त्यावरून नवा प्रोसेसर बनवतोय, ज्यातून पुढे स्कायनेट होणार. मग ती चिप मुळात डिझाइन केली कुणी? डायसनने भविष्यातलं बघून केली, भविष्यात ती आली डायसनकडून. नक्कल आहे, मूळ प्रत नाही. आमच्या भाषेत, चेक वटलाय पण तो लिहिलाच नाही कुणी. इंग्रजीत याला बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. हे तर्काच्या विरुद्ध आहे असं काही जण ठोकून देतात. तसं नाही. डेव्हिड लुइस या तत्त्वज्ञाने १९७६ च्या निबंधात दाखवून दिलं की अशी गाठ विचित्र आहे, पण तिच्यात अंतर्विरोध नाही. प्रत्येक टप्प्याला कारण आहे, फक्त अख्ख्या साखळीला नाही. चमत्कारिक वाटणं वेगळं आणि चूक असणं वेगळं, हे नवख्याने लवकर शिकावं.

पाचवी पायरी: तारखा मांडा

हे काम कंटाळवाणं वाटतं. पण मोठाल्या थिअऱ्या इथेच कोलमडतात.

पहिल्या चित्रपटात काईल पोलिसाला तारीख विचारतो तेव्हा उत्तर येतं, १२ मे, गुरुवार. साल १९८४. कॅलेंडर काढा. १२ मे १९८४ ला शनिवार होता. आमच्या कट्ट्यावरच्या एकाने लगेच जाहीर केलं की म्हणजे हे जग मुळातच वेगळ्या काळरेषेवर आहे! आता याचा खर्च काढा. एका वारासाठी अख्खं निराळं विश्व नावे टाकायचं? लिहिणाऱ्याने कॅलेंडर बघितलं नाही, एवढं मान्य केलं की खातं बंद. काही चुका या चुकाच असतात.

दुसऱ्या चित्रपटात पोलिसांच्या संगणकावर जॉनची जन्मतारीख दिसते, २८ फेब्रुवारी १९८५. आणि वय १०. म्हणजे गोष्ट १९९५ ची, थिएटरात चित्रपट आला त्यापुढची. काईल आणि सारा मेच्या मध्यावर एकत्र येतात. तिथून २८ फेब्रुवारीपर्यंत साधारण २९० दिवस होतात. मी हे घरी मोठ्याने मोजत होतो, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दिवस वर गेलेत बाईचे." गेले असतील. तीनेक आठवडे म्हणजे बरेच, पण अशक्य नाही. खर्च किरकोळ.

यावरून तिसऱ्या चित्रपटाचा कान धरता येतो. तिथे जॉन म्हणतो की यंत्र आपल्याला मारायला आलं तेव्हा आपण १३ वर्षांचे होतो. १३ धरलं तर साल येतं १९९८, आणि दुसऱ्या चित्रपटानुसार जगबुडी, म्हणजे स्कायनेटचं अणुयुद्ध, ठरली होती २९ ऑगस्ट १९९७ ला. बसत नाही. सरळ विसंगती, जुळवायला जाऊ नका.

पण त्याच चित्रपटातलं साराचं थडगं बघा. त्यावर जन्मसाल १९५९ आहे. दुसऱ्या चित्रपटात डॉक्टर तिचं वय २९ सांगतो, म्हणजे जन्म १९६५-६६ चा. ही पण चूकच का? थांबा. त्या थडग्यात सारा नाहीच. तिची राख समुद्रात सोडलेली आहे, आणि पेटीत मित्रांनी शस्त्रं दडवून ठेवलीत. ज्या बाईचं नाव टेलिफोन डिरेक्टरीत शोधून एक यंत्र शहरभर त्या नावाच्या बायका मारत फिरलं, तिच्या खोट्या थडग्यावर खरं जन्मसाल कोण कोरेल? नावेच्या बाजूला एकच ओळ: मित्रांनी मुद्दाम चुकीचं साल घातलं. लिहिणाऱ्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण थिअरी स्वस्त आहे, चित्रपटात बसते आणि काही मोडत नाही. चांगली फॅन थिअरी कशी दिसते ते मी नवख्यांना यावरून दाखवतो.

विरंगुळा म्हणून आणखी एक बेरीज. स्कायनेटला जाग येते ती २९ ऑगस्ट १९९७ ला, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी. ऑगस्टात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे ११ वाजून ४४ मिनिटं. वार शुक्रवार. मी त्या वेळी बहुधा बाजारसमितीच्या पावत्या लिहीत असणार.

सहावी पायरी: एक प्रश्न धसास लावून बघू

तिसऱ्या पायरीतला टी-१००० चा प्रश्न घ्या. नियम असा की जिवंत मांसच जातं. आधीचा टी-८०० धातूचा, पण त्याच्यावर खऱ्या मांसाचं आवरण आहे, म्हणून तो जातो. टी-१००० वर मांसाचा कणही नाही. तरी आला. उत्तरं तीन ऐकू येतात.

पहिलं, द्रवधातू कशाचीही नक्कल करतो, मग जिवंत मांसाचीही करत असेल. ऐकायला झकास. पण याला चित्रपटच आडवा येतो. टी-८०० जॉनला बजावून सांगतो की टी-१००० ला बंदूक किंवा स्फोटकं होता येत नाही. त्यांत रसायनं असतात, हलणारे भाग असतात, ते त्याला जमत नाही. सुरी किंवा टोकदार सळई, एवढंच. ज्याला बंदुकीची दारू जमत नाही त्याला जिवंत पेशी जमते? हे उत्तर बाद.

दुसरं, त्याला मांसाच्या पिशवीत घालून पाठवलं. नावेच्या बाजूला एक न दिसलेली पिशवी. खर्च माफक. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, पिशवी चालते तर तिच्यात शस्त्रं का नाही घातली? आणि तिसऱ्या चित्रपटातली टी-एक्स आली, वरून द्रवधातू, आत धातूचा सांगाडा आणि त्यात बसवलेली शस्त्रं, की तीच पिशवी परत विकत घ्यावी लागते, या खेपेला मोठी.

तिसरं, काईलला नियम अर्धवट माहीत होता. तो सैनिक आहे, हे आपण दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलंच आहे. यात पदरचं जवळजवळ काही जात नाही. माझं मत याच्याच बाजूला. दोष एवढाच की हे उत्तर फार सोयीचं आहे. याच न्यायाने काईलचं कुठलंही वाक्य रद्द करता येईल. म्हणून मी याला पक्क्या वहीत घेत नाही, पेन्सिलीने लिहून ठेवतो.

याच धर्तीवर घरी करायला एक: दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी जुनी चिप, जुना हात आणि टी-८०० स्वतः, सगळं वितळत्या पोलादात जातं. पण त्याआधी त्याच कारखान्यात एका अजस्र चाकात अडकलेला आपला हात तोडून टी-८०० सुटतो. तो तुटका हात पुढे कुणी उचलल्याचं दिसत नाही! स्कायनेट त्या हातातून परत उगवलं, ही थिअरी फार लोकप्रिय आहे आणि नावेची बाजू बघाल तर अगदी हलकी. फक्त डायसन जे सांगतो ते आठवा. फुटकी का असेना, चिपनेच त्यांना नव्या दिशा सुचवल्या. हातात सांधे आहेत, मेंदू नाही. वर तिसऱ्या चित्रपटातलं स्कायनेट हे जगभरच्या संगणकांत पसरलेलं सॉफ्टवेअर आहे, त्याला एक ठाण नाहीच. मग हातातून काय काय निघू शकतं आणि काय नाही, ते तुम्ही मांडा.

सातवी पायरी: वैऱ्याला दाखवा

थिअरी आधी तीन ओळींत लिहा. चौथ्या ओळीत लिहा की काय दिसलं तर ही खोटी ठरेल. चौथी ओळ सुचत नसेल तर ती थिअरी नाही, नुसती भक्ती आहे. मग ती अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला तुम्ही चुकलेलं बघून आनंद होतो. माझ्यासाठी ते काम भाचा करतो.

"सगळी मालिका एकाच नियमाने समजावून सांगणारी थिअरी" घेऊन कुणी आलं तर सावध राहा. मी स्वतः तीनदा प्रयत्न केला. पहिला चित्रपट गाठीचा. दुसऱ्यात सायबरडाइन उडवूनही जॉन जिवंत उभा आहे, म्हणजे तो फाट्याकडे झुकतो. तिसरा म्हणतो जगबुडी टळत नाही, नुसती पुढे ढकलली जाते. २०१९ चा म्हणतो स्कायनेट खरंच संपलं, पण लीजन नावाचं दुसरंच काहीतरी उगवलं, आणि जॉनला मात्र सुरुवातीलाच मारून टाकतो. यांना एका खतावणीत घालायला गेलं की नावेची बाजू पानभर होते. चित्रपटागणिक वेगळं खातं ठेवा आणि खात्याखात्यांत कुठे देवाणघेवाण होते तेवढं बघा.

कट्ट्याच्या रीतीभाती फारशा नाहीत. नव्या माणसाने चित्रपट बघितलाय का, हे विचारून मगच बोलायचं. कुणाची थिअरी मोडली तर पुढची पुडी त्याने घ्यायची नाही, मोडणाऱ्याने घ्यायची. हा नियम भाच्याचा. तेव्हापासून थिअऱ्या जास्त येतात आणि माझा खिसा जास्त हलका होतो.

मागच्या रविवारी त्याने पेट्रोल पंपाचा तोच शेवटचा प्रसंग परत काढला. पोरगा फोटोचे पाच डॉलर मागतो, नाही मिळाले तर बाप मारेल म्हणतो. सारा त्याचा डाव ओळखते, हसते आणि चार देते.

"मामा," तो म्हणाला, "तिनं तीन म्हटलं असतं आणि पोरगं फोटो घेऊन निघून गेलं असतं तर? मग काईलकडं फोटो नाही, तो आलाच नसता."

"गाठ आहे रे ती. चारच होणार होते."

"म्हणजे घासाघीस करायचीपण तिला मुभा नव्हती?"

मी वही काढली. जमेला चार डॉलर लिहिले. पाचवा कुठे लिहायचा ते अजून ठरलेलं नाही.